धोंडा वळला ती दुपार

डोंगरावरच्या सगळ्या घरांची दारं खाली रस्त्याकडे होती, आमचं एकट्याचं दार वर डोंगराकडे. खालून वारा यायचा, संध्याकाळी घाटकोपर स्टेशनाच्या बाजूचे दिवे दिसायचे, कोण येतंय, कोण जातंय ते कळायचं. वरून यायची ती फक्त माती आणि शेळ्या. पण बाबांनी घर बांधायला काढलं तेव्हा दार कुठे ठेवायचं म्हणून कौल लावला, आणि कौल डोंगराच्या बाजूने पडला. आई त्यावरून त्यांना रोज ऐकवायची. दारातला चिखल खरवडताना ती पुटपुटायची, "देवाक काय, तेका झाडूचा नाय." बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. त्यांच्या दृष्टीने तो विषय संपलेला होता.

कौल म्हणजे काय हे आता माझ्या नातवंडांना समजावून सांगावं लागतं. आमचं गाव कुडाळजवळ. तिथे कोणाला देवाला काही विचारायचं असलं, विहीर खणायची की नाही, मुलगी त्या घरात द्यायची की नाही, तर गुरव देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. उजवीकडची आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही. घाटकोपरच्या डोंगरावर गुरव कुठून आणणार, म्हणून बाबाच गुरव. देव्हाऱ्यातल्या नारळावर ते जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायचे, प्रश्न सांगून देवाला गाऱ्हाणं घालायचे आणि मांडी घालून समोर बसायचे. पंखा बंद, स्टोव्ह बंद, कोणी शिंकायचंसुद्धा नाही. पाकळीची कड आधी जराशी उचलली जायची, मग बराच वेळ काहीच व्हायचं नाही, आणि आपण दुसरीकडे पाहतोय तेवढ्यात ती खाली पडलेली असायची. पडताना मी ती फार कमी वेळा पाहिली. पडली की बाबांचे खांदे सैल व्हायचे. एवढा कष्टाळू माणूस, पण ठरवण्याचं ओझं त्यांना पेलत नसे, आणि ते उतरवून ठेवायला त्यांच्याकडे एक जागा होती. गिरणी बंद पडली तेव्हा गावी परत जायचं की मुंबईतच राहायचं हेही असंच ठरलं. राहायचं ठरलं. बाबांना अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत खोकी बांधण्याचं काम मिळालं, थोरला भाऊ गावी शिकायला राहिला, आणि मी डोंगरावर वाढले. त्या दिवशी एका पाकळीला पाणी थोडं जास्त लागलं असतं तर मी आज कुडाळात असते, माझा नवरा दुसरा असता, माझी मुलगी नसतीच. हा विचार मला भांडी घासताना वगैरे येतो, आणि हातातलं भांडं तसंच राहतं.

आमच्या शेजारी, उतारावर जरा खाली, साळवे राहायचे. ते जालन्याकडचे. साळवेकाका वीज कंपनीत खांबावर चढून तारा जोडायचे. बोलणं तोडून टाकल्यासारखं, पण माणूस हसरा. घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यासमोर संध्याकाळी ते सगळे मिळून वंदना म्हणायचे. त्यातले पाली शब्द मला कळत नव्हते, तरी ऐकून ऐकून पाठ झाले होते. त्यांची बायको कमलमावशी ही माझ्या आईची या शहरातली एकुलती एक मैत्रीण. मुलगी सुजाता माझ्याच वर्गात, आम्ही दोघी दहावीला. सकाळी त्यांच्याकडून भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि आमच्याकडून तव्यावर घावनाचं पीठ ओतल्याचा. मावशी वाटीभर ठेचा पाठवायची, आई त्या वाटीतून सोलकढी परत पाठवायची, रिकामी वाटी कधीच गेली नाही. आईला ज्वारीची भाकरी शेवटपर्यंत नीट थापता आली नाही, आणि बांगड्यातला काटा मावशीला काढून द्यावा लागायचा. "तुमच्या माशाला हाडं किती गं," मावशी म्हणायची, "आमच्याकडची बोकडंसुद्धा एवढी हाडकुळी नसतात."

बाबा आणि काका यांचं रविवारी ओट्यावर बसून जे चालायचं त्याला वाद म्हणावं की करमणूक, मला सांगता येणार नाही. काका देव मानत नसत. ते म्हणायचे, "शिवराम, पाकळी वाळली की पडणारच. कुठली आधी वाळेल ते पाण्यावर."

"मगे पाण्याक कोण सांगता?" बाबा विचारायचे.

"कोणी सांगत नाही. सगळं बदलत असतं, एवढंच खरं. बदलू नको म्हणून धरून बसलं की दुःख. मी खांबावर चढतो तेव्हा तार बघतो, वर आभाळात कोण बसलंय ते बघत नाही."

"आणि तार बघूनय शॉक बसलो तर?"

"तर बसला," काका म्हणायचे आणि हसायचे. मला दोघांचंही पटायचं. त्या वयात एकाच वेळी दोन्ही पटायला काही अडचण येत नाही.

आमच्या गल्लीत पाण्याची टाकी यायची होती. टाकीसाठी चौथरा बांधायचा होता आणि तो कुठे बांधायचा यावरून गल्लीत भांडणं लागली होती, कारण टाकी ज्याच्या दारात येणार त्याच्या दारात गर्दी, चिखल आणि भांडणं येणार. वरच्यांना खाली हवी, खालच्यांना वर. शेवटी साळवेकाकाच म्हणाले, "शिवरामला कौल लावू दे. नाणं उडवण्यापेक्षा बरं. निदान थोडा वेळ सगळे गप्प तरी बसतील." सगळी गल्ली आमच्या दाराशी जमली. चौथरा वर बांधायचा का, असं बाबांनी विचारलं, पाकळी उजवीकडची पडली, आणि चौथरा आमच्या घराच्या वर, आमच्या दारासमोरच बांधायचा असं ठरलं. आईने बाबांशी त्या दिवशी बोलणं टाकलं. सिमेंटचा तो चौथरा कमरेइतका उंच, टाकी यायची बाकी. आम्ही मुली त्यावर बसून चिंचा खायचो.

ती दुपार गणपती होऊन गेल्यानंतरची होती. पाऊस उघडला होता, ऊन स्वच्छ पडलं होतं, डोंगर हिरवा आणि चकाकता. असं ऊन पडलं की आम्हाला पाऊस संपला असं वाटायचं, पण आत मुरलेलं पाणी संपलेलं नव्हतं, हे नंतर शहाण्या लोकांनी सांगितलं. आमच्या दारात आई विळीवर अळू चिरत होती. कमलमावशी तिच्या शेजारी बसून हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी पायरीवर सुजाताची वेणी घालत होते. बाबा सकाळच्या पाळीवरून येऊन आत आडवे झाले होते. मावशीने एकदम मान वर केली आणि म्हणाली, "सुजे, जा गं, चुलीवरचं बघ. वास येतोय करपल्याचा."

"एक वेणी राहिलीय आई," सुजाता म्हणाली. "थांब ना जरा."

मावशी हसली. "तुझी वेणी होईपर्यंत आपण कोळसा खायचा का," असं म्हणत पदर झाडून उठली आणि आपल्या घराकडे गेली.

आवाज आधी लहान होता. खडे घरंगळल्याचा. कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत खाली पळाल्या. मग फरशीवरून जड कपाट ओढावं तसा आवाज आला, पण तो थांबेना, वाढतच गेला, आणि मी वर पाहिलं. धोंडा एखाद्या खोलीएवढा होता. मी एवढी मोठी वस्तू इतक्या सहज हलताना आजपर्यंत दुसरी पाहिली नाही. तो घाईत नव्हता, असंच मला वाटलं. एकदा टेकायचा, मग उचलला जायचा, झुडपं त्याच्याखाली आवाज न करता नाहीशी व्हायची. काळा, ओला, एका बाजूला ताजी पिवळी माती, इतकी वर्षं जी बाजू डोंगराच्या आत होती ती. तो सरळ आमच्याकडे येत होता. मला पळायचं सुचलं नाही. भीतीही त्या वेळी वाटली नाही. देवळात मोठी घंटा वाजते तेव्हा आपण नुसते त्या आवाजात उभे राहतो, तशी मी उभी होते, सुजाताचे केस हातात धरून. आई विळीवरून उठली होती आणि तिने दोन्ही हात आमच्या दोघींच्या पुढे आडवे धरले होते. त्या धोंड्यापुढे आईचे हात.

तो चौथऱ्यावर आदळला. जमीन हलली, सिमेंटचे तुकडे आमच्या पत्र्यावर पडले, आणि धोंडा वळला. रस्त्यात कोणी हाक मारल्यावर माणूस वळतो इतका सहज वळला, आमच्या ओट्याच्या कोपऱ्याला घासून उतारावरून खाली गेला, आणि साळव्यांच्या घराच्या भिंतीतून आत शिरून थांबला. मग धूळ. धुळीत काही क्षण कसलाच आवाज नव्हता. मग सुजाता ओरडली.

बाबा सगळ्यांच्या आधी पोचले. मावशी उंबऱ्याच्या आत पडली होती, भानावर होती, डोळे उघडे. उजवा पाय गुडघ्याखाली धोंड्याच्या आणि पडलेल्या विटांच्या मध्ये. पुरुषांनी पहारी लावल्या, कोणी वासा आणला, सगळे एकदम ओरडत होते, आणि मावशी बाबांना सांगत होती, "शिवरामभाऊ, चूल विझवा आधी. घर पेटेल." बाबांनी खरंच आधी चूल विझवली. मग तिला दाराच्या फळीवर घालून खाली रस्त्यावर नेलं आणि टेम्पोतून सरकारी इस्पितळात. सुजाता टेम्पोत चढली तेव्हा तिची एक वेणी घातलेली होती आणि एक बाजू मोकळी.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात माणसांची रीघ होती. काका इस्पितळात, सुजाता आमच्याकडे झोपायला. बायका यायच्या, ओट्याचा तुटलेला कोपरा हाताने चाचपायच्या, चौथऱ्याच्या राहिलेल्या तुकड्यांना नमस्कार करायच्या. आणि प्रत्येक जणी तेच म्हणायची, देव तारी त्याला कोण मारी. खाली साळव्यांच्या मोडक्या भिंतीत बसलेल्या धोंड्याला कोणीतरी शेंदूर लावला. नारळ फुटले. सुजाता कोपऱ्यात बसून हे ऐकत असायची. एक दिवस आईने हातातली परात जमिनीवर ठेवली आणि एका बाईला म्हणाली, "घरात त्या पोरीसमोर हा बोलाचा नाय. बोलाचा असात तर बाहेर जावा." आई कोणाला असं बोलल्याचं मला त्याआधी आठवत नाही.

बाबा पहिल्या दिवशी स्वतःही तेच म्हणाले होते. संध्याकाळी दिवा लावताना ते आईकडे वळून म्हणाले, "देवान राखल्यान आमका. तरी तू बोल लावी होतंस त्या चौथऱ्याक."

आई म्हणाली, "मगे कमलक कोणी चिरडल्यान?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. बाबा देव्हाऱ्याकडे बघत राहिले. काडी त्यांच्या हातात जळत बोटापर्यंत आली आणि विझली. त्या दिवसापासून आमच्या घरात जास्वंद फक्त वाहायला तोडली गेली.

मी आता त्यांच्या त्या वयाच्याही पुढे गेले आहे. माझी मुलगी अंधेरीला राहते, तिच्याकडे मी मेट्रोने जाते, आणि असल्फ्याच्या आसपास गाडी वळते तेव्हा खिडकीतून डोंगरावरची घरं दिसतात, निळी, गुलाबी, एकावर एक. मी दर वेळी बघते. गाडीतले तरुण लोक फोनमध्ये असतात. त्यांना हाक मारून सांगावंसं वाटतं की बघा, तिथे एकदा एक धोंडा वळला होता म्हणून मी इथे बसलेय. पण कोणाच्याही बाबतीत असा एखादा धोंडा वळलेलाच असणार. त्यांना तो दिसला नाही, मला दिसला, एवढाच फरक.

इस्पितळातून बातमी चांगली येत नव्हती. एका संध्याकाळी साळवेकाका आमच्याकडे आले. दाढी वाढलेली, शर्ट तोच. आईने त्यांच्यापुढे पेजेची वाटी ठेवली. त्यांनी ती तशीच ठेवली आणि बाबांना म्हणाले, "शिवराम, कौल लाव."

बाबांनी पेजेची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"डॉक्टर म्हणतात, पाय ठेवला तर कदाचित वाचेल. पण जखम चिघळलीय. विष अंगात भिनलं तर ती जाईल. कापला तर जीव वाचायची आशा जास्त. सकाळी सांगा म्हणालेत. मी विचारलं, तुम्ही काय कराल? ते म्हणाले, नक्की कोणालाच सांगता येणार नाही." काकांनी तोंडावरून हात फिरवला. "मला ठरवता येत नाहीये रे. तू लाव. पडेल ते मी करीन."

"नाय," बाबा म्हणाले.

"अरे, उठता बसता लावतोस."

"लावी होतंय. चौथरो थय कोणी बसवल्यान, साळवे?"

"आपण सगळ्यांनी. मीच म्हटलं होतं, लाव म्हणून."

"आता परत पाकळी पडतली. आपण पाय ठेवलो आणि ती गेली, तर मी तुका खंयचा तोंड दाखवू? आणि कापलो आणि मागसून कळला की वाचतलो होतो, तर?" बाबांचे हात मांडीवर उलटे पडले होते. "माका ह्या जमाचा नाय."

दर रविवारी एकमेकांना हरवू पाहणारे ते दोघे पुरुष एका चटईवर बसले होते आणि दोघांकडेही काही उरलं नव्हतं. काका हळूच म्हणाले, "सगळं बदलतं म्हणून मीच तुला सांगायचो. हे नको होतं बदलायला."

आई स्टोव्हपाशी होती. मागे न वळता तिने विचारलं, "तिका विचारलास?"

काकांनी मान वर केली.

"पाय तिचो. तिका कोणी विचारल्यान?"

कोणीच विचारलं नव्हतं. तिला धक्का बसेल म्हणून सांगितलंच नव्हतं. त्या काळी असंच असायचं. आजही बऱ्याच घरांत असंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गेलो. बायकांच्या वॉर्डात खिडकीपाशी मावशीची खाट होती. ती वाळली होती, ओठ फुटले होते, पण आईला पाहून म्हणाली, "अळूचं फदफदं नाही आणलं का गं?" काका खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे न बघता चादरीकडे बघत होते. मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. डॉक्टर वयाने लहानच होता, रात्रभर जागलेला दिसत होता.

मावशीने विचारलं, "पाय ठेवला तर काय होईल ते तुम्हाला नक्की माहीत आहे का?"

"नाही मावशी."

"कापला तर?"

"तेही नक्की नाही. धोका कमी आहे, एवढं सांगू शकतो."

"मग तुम्ही, आम्ही सारखेच," मावशी म्हणाली. तिने डोळे मिटले. ती काही पुटपुटली नाही, हात जोडले नाहीत. खिडकीवर कबुतरं घुमत होती, शेजारच्या खाटेवरची म्हातारी चहा फुंकून पीत होती, आणि आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे होतो. घरी पाकळीसमोर बसायचो तेव्हा जी शांतता असायची तीच तिथे आली. फरक एवढा की पाकळीला माहीत नसतं आपण काय करतोय, आणि हिला माहीत होतं. एक बाई, हातात कसलीही खात्री नसताना, आपल्या शरीराचं आपण ठरवत होती. मी त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची होते, आणि त्या धोंड्यासमोर उभी असताना जे वाटलं होतं ते मला पुन्हा वाटलं. या वेळी जास्त.

तिने डोळे उघडले. "कापा," ती म्हणाली. "मला सुजाचं पुढचं बघायचंय. त्याला एक पाय पुरेल."

सुजाता तेव्हा मोडली. इतके दिवस ती रडली नव्हती. खाटेच्या लोखंडी दांड्यावर डोकं ठेवून ती म्हणाली, "तू मला पाठवत होतीस. मी गेले असते तर..."

"तर तू गेली असतीस," मावशी म्हणाली. "मी तेच बघतेय रोज, इथे पडल्या पडल्या. तू चुलीपाशी बसलेली आणि तो धोंडा. मग डोळे उघडले की तू दिसतेस. पोरी, या पायाच्या बदल्यात मला कोणी हे मागितलं असतं ना, तर मी दुसरा पण दिला असता. पण तसं कोणी मागितलं नाही. ते नुसतं झालं. त्यात तुझं काही नाही आणि माझंही काही नाही. ये, केस विंचर माझे. गुंता झालाय."

न्यायच्या आधी तिने चादर बाजूला करायला सांगितली. बँडेजच्या खाली पाऊल दिसत होतं, सुजलेलं, काळंनिळं. जोडवं नर्सने आधीच काढलं होतं. मावशीने हात पुरवून घोट्यापर्यंत नेला आणि ते पाऊल थोपटलं. "बरंच चाललास," ती त्याला म्हणाली. "जालन्यापासून इथवर आणलंस." मग आम्हाला म्हणाली, "न्या आता." साळवेकाका भिंतीकडे तोंड करून उभे होते. बाबा त्यांच्या पाठीवर हात ठेवून.

पाय वाचला असता की नाही, हे कधीच कळलं नाही. कळायला मार्गच नव्हता. मी बऱ्याच वर्षांनी, धीर करून, तिला एकदा विचारलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "वाचलाही असता. मग मी त्या दुसऱ्या रस्त्याने गेले असते. तिकडे काय होतं कोणाला माहीत. इकडे हे होतं," आणि तिने हाताने सगळं दाखवलं, मेथी, मी, सुजाताची खाली खेळणारी मुलगी.

बाबांनी पुन्हा कौल लावला नाही. त्याने त्यांचं सोपं झालं असं मात्र नाही. साधी छत्री घ्यायची तरी ते दुकानासमोर घुटमळायचे. दहावीनंतर मी नर्सिंगला जावं की कॉलेजला, हे मला ठरवता येईना, तेव्हा मी स्वतःच जास्वंद तोडून आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती देवाला वाहिली आणि म्हणाले, "तुझा तू बघ. चुकलाच तर मी आसंय." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं सगळ्यात मोठं आश्वासन ते हेच. मी नर्सिंगला गेले, आणि पुढे सगळी नोकरी "नक्की सांगता येत नाही" हे वाक्य लोकांना सांगण्यात घालवली. सांगताना मी खाटेशेजारी बसायला मात्र शिकले.

मावशी घरी आली ती थंडीत. मधल्या काळात काकांनी मोडकी भिंत उभी केली होती, पण धोंडा तिथेच होता, अर्धा भिंतीबाहेर. काकांना तो वडारांकडून फोडून घ्यायचा होता. गल्ली फोडू देईना, कारण आता त्याच्यावर शेंदूर होता, हार होता, मंगळवारी वरच्या गल्लीतल्या बायका दिवा लावायला यायच्या. मावशीचं यावर काय म्हणणं आहे ते कोणी विचारलं नव्हतं, याची आता मला गंमत वाटते.

ती कुबड्यांवर चढली. खालच्या रस्त्यापासून आमच्या गल्लीपर्यंतच्या पायऱ्या उंच, वेड्यावाकड्या, त्या प्रत्येक पायरीवर ती थांबायची. काका उचलून न्यायला पुढे झाले तर म्हणाली, "आज उचलाल. उद्या?" सुजाता एका बाजूला, मी एका बाजूला, पण हात लावायचा नाही असा हुकूम. दारादारांत माणसं उभी होती. तिच्या कुबडीचा आणि तिच्या श्वासाचा आवाज तेवढा वर वर येत होता. ती घरापाशी पोचली, धोंड्यासमोर उभी राहिली आणि त्याला खालून वर बघितलं. हार बघितला, शेंदूर बघितला. मग तिने कुबड्या सुजाताकडे दिल्या, वळली आणि धोंड्याच्या खालच्या सपाट भागावर बसली.

बायकांमधून एक आवाज आला, दबलेला. कोणीतरी म्हणालं, "अहो, देव आहे तो."

"असू दे," मावशी म्हणाली. "मला दम लागलाय."

बाबा आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. ती सगळं पाणी प्यायली. तोंड पुसलं. ऊन छान होतं, दगड तापला होता, तिने तळहात त्याच्यावर टेकवले आणि मान मागे करून डोंगराकडे बघितलं. तिने बघितलं म्हणून आम्हीही बघितलं. आमच्या गल्लीतली ती सगळी माणसं, इतकी वर्षं त्या डोंगराला पाठ देऊन राहिलेली, एकदम वर बघत होती. जिथून धोंडा सुटला तिथे पिवळा खड्डा दिसत होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, गवतातून डोकं काढून, दुसरे धोंडे. काही लहान, काही याच्याहून मोठे. कोणी टेकून बसलेला, कोणी कलून उभा. ते उन्हात चमकत होते आणि त्यांच्यावर पोपट बसले होते.

"किती आहेत गं," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. एखाद्या मोठ्या घरात पाहुणं म्हणून गेल्यावर छताकडे बघत बोलावं तशी ती बोलत होती.

बाबाही वर बघत उभे होते, रिकामा तांब्या हातात. मग मावशीने आईकडे हात पुढे केला.

"उठव मला," ती म्हणाली. "भूक लागलीय."